आधी स्वतःच्या घरी लॅमिनेट करून पाहा

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला जुन्या घरगुती कागदपत्रांवरचा लेख वाचला. विषय काढलात, बरे वाटले. पण शेवटची चौकट वाचता वाचता चहा निवून गेला. महत्त्वाचे कागद लॅमिनेट करा, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावा आणि उरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा म्हणे! लेखक महाशयांच्या घरी जपण्यासारखा एकही कागद नसावा, असा माझा अंदाज आहे.

मी एका शाळेत 31 वर्षे लिपिक होते. दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, माझ्या ताब्यात असे. जात पडताळणीसाठी 1967 च्या आधीची एक ओळ मिळावी म्हणून लोक गावोगावहून यायचे. आजोबांचे नाव सापडले की काही जण त्या रजिस्टरला हात जोडायचे. तेव्हा एका कागदाची किंमत मला कुणी सांगायला नको होती. आणि तरी घात माझ्याच घरी झाला.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव आणि नाग नदीने काय केले, ते नागपूरकरांना नव्याने सांगत नाही. आमच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. दिवाणाखालच्या पेटीत माझ्या आजेसासऱ्यांचा 1934 सालचा मराठी चौथीचा दाखला होता. काटोलकडच्या खेड्यातली शाळा, मजकूर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचा (ओल लागली की शाईसारखी उतरते ती), खाली गोल शिक्का. पेटी उघडली तर जांभळा रंग घडीच्या रेषेवर उतरलेला, पण अक्षर न् अक्षर लागत होते. मी तो पंख्याखाली, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये सुकवणार होते. पण वीज नव्हती. भिजलेले कागद फ्रीझरमध्ये ठेवले तर बुरशी थांबते, मग सवडीने सुकवता येतात, हे मला पुढे एका जाणकाराने सांगितले. त्या दिवशी आमचा फ्रिजच अंगणात आडवा तरंगत होता, ती गोष्ट वेगळी.

चिरंजीवांना मात्र धीर नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी तो दमट दाखला नेऊन लॅमिनेट करून आणला. “आता पाण्यात टाकलं तरी काही होत नाही, आई. कसा कडक झाला, बघ!” तापलेल्या रुळांतून निघालेला कागद, आतली ओल आतच. दिवाळीपर्यंत प्लॅस्टिकच्या खाली राखाडी ठिपके उठले आणि नेमके शिक्क्यावर पसरले. नातीच्या पडताळणीला तो घेऊन गेलो तेव्हा खिडकीतल्या बाबूने उजेडात धरून पाहिला. “शिक्का कुठं आहे मॅडम? हे तर झेरॉक्स दिसून राहिली.” घरी येऊन एका कोपऱ्यातून प्लॅस्टिक सोलायला गेले, तर आजेसासऱ्यांचे आडनाव प्लॅस्टिकला चिकटून वर आले. लॅमिनेशनचा गोंद वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतो, तो पुन्हा निघत नाही. जुन्या दस्तांची दुरुस्ती करणारे लोक पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरतात ती याचसाठी. खळ पाण्याने सुटते. चिकटपट्टीचेही लॅमिनेशनसारखेच. पट्टी गळून पडते, पिवळा डाग राहतो.

शेवटी त्या गावच्या शाळेत तीन चकरा मारल्या. रजिस्टर निघाले, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आमची ओळ शाबूत होती. तिथल्या शिपायाने ते कापडात बांधून कडुनिंबाच्या पाल्यासह कपाटाच्या वरच्या खणात ठेवले होते. त्याचा लेख तुम्ही छापायला हवा होता.

आता वर्तमानपत्रात गुंडाळण्याविषयी. आपल्या दैनिकाविषयी मला आदर आहे, 1978 पासून ते आमच्याकडे येते. पण आपला कागद उन्हात चार दिवस राहिला तरी पिवळा पडतो. त्यात आम्ल असते आणि ते शेजारच्या कागदालाही लागते. आपल्या अंकात आम्ही हिवाळ्यात पालक गुंडाळतो, दस्त नाही. आणि मोबाइलवर फोटो काढून मूळ कागद रद्दीत देण्याची सूचना त्या लेखात नव्हती, याबद्दल आभार. फोटो जरूर काढावेत, पण पाठीमागच्या बाजूचेही. दस्तांवरचे शेरे आणि शिक्के पुष्कळदा मागेच असतात.

कागदपत्रांचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक. गेल्या महिन्यात माझ्या यजमानांच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत आपण निधनाचे साल चुकीचे छापलेत. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा “बघतो” म्हणाले, दुसऱ्यांदा “आता कोण बघते, काकू!” म्हणाले. उद्या माझी पणती वारसाच्या कामासाठी तोच अंक शोधून काढील, तेव्हा ती बघेल. साल 2019 आहे, 2018 नव्हे. दुरुस्ती छापाल तेव्हा मला एक अंक जास्तीचा पाठवावा, पैसे देईन.

आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक
अंबाझरी लेआउट, नागपूर
(नाव छापू नये, चिरंजीव हेच दैनिक वाचतात.)