रात्री पावणेतीनला भिंतीवरून निघून गेलेल्या रॅकबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमचा दोन सक्शन कपवाला बाथरूम रॅक ('ड्रिल नको, खिळा नको, ५ किलो सहज पेलतो') मी अकरा दिवसांपूर्वी लावला. काल रात्री पावणेतीनला तो खाली आला. मी नेमकी त्याच्याखाली उभी होते.

तुमचा प्रतिनिधी फोनवर म्हणाला, "मॅडम, वजन जास्त झालं असेल." म्हणून सगळ्या बाटल्या काट्यावर ठेवल्या. रॅकसकट २.३ किलो.

खोक्यावर 'निर्वाताची जबरदस्त ओढ' असं छापलंय. निर्वात कशालाही ओढत नाही हो, बाहेरची हवा दाबते! जर्मन शास्त्रज्ञ ऑटो फॉन गेरिके यांनी १६५७ साली माग्देबुर्गला, एकमेकांना लावून आतली हवा काढलेल्या दोन पोकळ अर्धगोलांना दोन्ही बाजूंनी घोडे जुंपून हेच दाखवलं होतं; बाहेरच्या हवेच्या दाबामुळे ते सहजी सुटेनात. तुमचा कप ६ सेंमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंमी. दर चौरस सेंमीवर हवेचा भार सुमारे १ किलोचा. आतली सगळी हवा गेली असं धरलं, तर एका कपावर २८ किलो! (जाहिरात विभागाने हुरळून जाऊ नये.) हा दाब भिंतीच्या दिशेने असतो आणि बाटल्यांचं वजन जमिनीच्या दिशेने. रॅकला घसरू देत नाही ते रबर आणि टाइलमधलं घर्षण. ते साबणाच्या पाण्यापुढे किती टिकणार? त्यात तुमचा रॅक भिंतीपासून १२ सेंमी पुढे आलेला. बाटल्यांचं वजन पहारीसारखं काम करतं आणि कपाची वरची कड उचकटतं. केसाएवढी फट पडली की हवा आत, आणि कारभार आटोपला.

उंची १.८ मीटर. पडायला ०.६ सेकंद, जमिनीजवळचा वेग ताशी २१ किमी. तेवढ्या वेळात माणसाला फक्त वर बघता येतं. तेलाची बाटली अंगठ्यावर आली. शांपू फुटून पसरला, त्यावर माझा पाय पडला. पाय पुढे गेले. बाकीची मी जडत्वाचा मान राखून क्षणभर तिथेच होते, मग खाली बसले. साबण दाराखालून जो गेला तो अजून सापडलेला नाही.

यावर तुमचं उत्तर: "पडून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." भिंतीवर टांगायच्या वस्तूचं दुसरं कुठलं नुकसान तुम्हाला अपेक्षित आहे?

मला पैसे परत हवेत. शिवाय ते ५ किलो कसे मोजले ते लेखी कळवा: टाइल कोरडी होती की ओली, वजन भिंतीपासून किती लांब होतं आणि किती दिवस टांगलं होतं.

रॅक परत पाठवते आहे, पण एकाच कपासह. दुसऱ्याचा आकडा तुटला आणि कप भिंतीवरच राहिला. नखाने कड उचलली की निघेल, पण पुरावा म्हणून ठेवलाय. सध्या त्याच्यावर काहीच टांगलेलं नाही, त्यामुळे तो उत्तम काम करतो आहे.

आपली,
अंगठा सुजलेली ग्राहक