पहाणीत परशुराम, घरात परशराम

महोदय,

गावात ‘ग्राम वन’ (Grama One) हे सरकारी कामांचे सेवा केंद्र झाल्यापासून पहाणीसाठी, म्हणजे जमिनीच्या साध्या उताऱ्यासाठी, खानापूरला खेटे घालावे लागत नाहीत, हे आधी कबूल करतो. तलाठी कधी येतो म्हणून चावडीच्या कट्ट्यावर दिवस घालवलेली आमची पिढी. २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजना आली, कर्नाटकातल्या सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकात गेले आणि तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत पहाणी मिळू लागली. अप्रूपच होते ते!

पण वहीत जे होते, चुकांसकट, तेच संगणकात गेले. आमच्या आजोबांचा, हा भाग मुंबई राज्यात असतानाचा उतारा मराठीत आहे. पुढे वारस म्हणून वडिलांचे नाव लागले ते कन्नडमध्ये, आणि परशरामचा परशुराम झाला. आधारवर इंग्रजीत पुन्हा परशराम. इतकी वर्षे कुणाचे काही अडले नाही, कारण महसूल, बँक आणि शेतीखाते यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. लेन आणि ली या अभ्यासकांनी २००१ मध्ये ई-शासनाचे चार टप्पे मांडले होते. शेवटचा टप्पा निरनिराळी खाती जोडण्याचा. तो आता आमच्या दारात आला आहे. पहाणी आधारला जोडा, फ्रूट्स (शेतकरी नोंदणीचा) क्रमांक काढा, मग अनुदान. आणि जोडायला गेले की संगणकाच्या लेखी वडील दोन माणसे! ते ८४ वर्षांचे. अंगठाही धड उमटत नाही, ते दुखणे निराळेच.

दुरुस्तीचा अर्ज भरून झाल्यावर केंद्रातल्या मुलाने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. “काका, बरोबर हाय न्हवं बघा.” सगळे कन्नडमध्ये. मी काय बघणार? मान हलवली. अशीच मान तेव्हा वडिलांनीही हलवली असणार.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. ऑनलाइन अर्जात मात्र मराठीला जागा नाही. कन्नड काढा असे कुणी म्हणत नाही. निदान नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढे तरी अर्ज पाठवण्यापूर्वी मराठीत छापून दाखवावे. आणि नावाच्या दुरुस्तीसाठी वकील, अफिडेव्हिट असे न करता होबळीवार (होबळी म्हणजे तालुक्यातला काही गावांचा महसुली गट) एकेक दिवस तहसीलदारांनी जुने उतारे समोर ठेवून बसावे. आजोबांचा उतारा आम्ही पिशवीत घालूनच ठेवला आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. खानापूर