उदासीन अवस्था : दाब कळतो, प्रमाण कळत नाही

नागपूर

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

दाब आणि तापमान दोन्ही ठरल्यावरही सिलिंडरमध्ये गॅस किती उरला हे का कळत नाही, असं तू विचारलंस. तुझी अडचण ड्यूएम या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या, उष्मागतिकीतल्या सिद्धांतातल्या एका शब्दाशी आहे. बंदिस्त प्रणालीत सुरुवातीची वस्तुमानं माहीत असतील, तर दोन *स्वतंत्र* राशींनी समतोल पूर्ण ठरतो. आर-३२ चं (एसीत भरतात त्या गॅसचं) द्रव आणि बाष्प एकत्र असेल तिथं दाब तापमानापासून स्वतंत्र नसतोच. २५ अंशांना तो सुमारे १६.९ बार, ४० अंशांना सुमारे २४.८ बार (निरपेक्ष), मग द्रव पाव किलो असो की पाच किलो. तू दोन आकडे लिहितेस, पण माहिती एकाचीच असते. दुसरी माहिती आकारमानाची किंवा एन्थाल्पीची (पदार्थातल्या उष्णतेच्या हिशेबाची) घ्यावी लागते. म्हणून गॅस काट्यावर तोलून भरतात, गेज पाहून नाही.

हीच उदासीन अवस्था. एका प्रावस्थेतून (घन, द्रव किंवा बाष्प यांपैकी एकीतून) दुसरीत वस्तुमान जातं, तरी कुठल्याच प्रावस्थेची घडण, म्हणजे घटकांचं प्रमाण, बदलत नाही, आणि म्हणून दाब-तापमानही हलत नाहीत. तिला दोन्हीकडे शेवट आहे, हे मात्र विसरू नकोस. शेवटचा थेंब संपला की दाब घसरतो. उलट सिलिंडर काठोकाठ भरून नागपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवला, तर द्रव प्रसरण पावून बाष्पाची जागाच संपते, आणि मग तापमानाच्या थोड्याशा वाढीनंही दाब झपाट्यानं चढतो. गॅस परत काढून घ्यायचा सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत, त्याचं कारण हे.

मिश्रणात ही सोय आपोआप मिळत नाही. एसीतल्याच आर-४०७सी या मिश्र गॅसमध्ये आर-३२, आर-१२५ आणि आर-१३४ए वस्तुमानानं २३:२५:५२ असतात. बाष्प गळालं तर पहिले दोन जास्त जातात आणि उरलेल्याची घडण बिघडते. असं मिश्रण द्रवरूपातच भरायचं. गळती मोठी असेल तर वरून भर घालू नये; सगळं काढून, व्हॅक्यूम करून, नव्यानं तोलून भरावं.

काही मिश्रणं मात्र एका ठरावीक घडणीला शुद्ध पदार्थासारखी वागतात. इथेनॉल-पाण्याचं ९५.६ टक्क्यांचं (वस्तुमानानं) मिश्रण १ वातावरण दाबाला ७८.२ अंशांवर उकळतं आणि बाष्पाची घडणही तीच राहते. ऊर्ध्वपातनाचा स्तंभ कितीही उंच केला तरी पुढं जाता येत नाही. गिब्ज-कोनोवालोव्हचा नियम सांगतो तसं, द्रव आणि बाष्प दोन्हींच्या घडणी जुळतात तिथंच घडणीनुसार उत्कलनबिंदू दाखवणाऱ्या वक्रावर शिखर किंवा तळ असतो. इथं तळ आहे. बरीच मुलं याला संयुग समजतात. तसं असतं तर दाब बदलल्यावर घडण हलली नसती, आणि ती हलते. निर्जल अल्कोहोल काढायला म्हणून रेणवीय चाळणी (रेणूंच्या मापाची छिद्रं असलेला पदार्थ) वापरतात, ३ अँगस्ट्रॉम छिद्रांची. पाणी आत शिरतं, इथेनॉल शिरत नाही.

उदासीन अवस्था हातानं करून पाहा. थर्मासमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक फोडून गच्च भर, फटी त्याच गार पाण्यानं भर, दहा मिनिटं ढवळ. थर्मामीटर तळाला टेकू देऊ नकोस. शून्य दिसेल, आणि निम्मा बर्फ वितळला तरी शून्यच. आपल्या गावाची उंची सुमारे ३१० मीटर असल्यानं इथं पाणी ९९ च्या आसपास उकळतं, म्हणून थर्मामीटर तपासायला उकळत्या पाण्यापेक्षा बर्फ बरा. वर तरंगणाऱ्या बर्फाखाली नुसतं पाणी साचलं असेल, तर तिथं ४ अंशांपर्यंतचा आकडा दिसू शकतो. बर्फ तळापर्यंत हवा.

मग मूठभर मीठ टाक. तापमान खाली जाईल, पण आता ते टिकणार नाही. बर्फ वितळेल तसं मिठाचं पाणी पातळ होतं आणि आकडा वर सरकतो. मीठही न विरघळता शिल्लक राहील इतकं घातलंस आणि गारवा पुरला, तर −२१.१ अंशांना तो पुन्हा थबकतो. बर्फ, घन मीठ (इतक्या थंडीत ते पाणी धरलेल्या NaCl·2H₂O स्फटिकांच्या रूपात असतं) आणि २३.३ टक्क्यांचं द्रावण तिथं एकत्र नांदतात. घरच्या थर्मासमध्ये इतकं खाली पोचणं कठीण आहे, तू −१५ पर्यंत गेलीस तरी आकडे लिहून पाठव. दर दोन मिनिटांनी एक नोंद घे.

तुझे बाबा