'पर्णधारा दंतुर' म्हणजे काय हो?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झाडांवरचं सदर येतं ते मी कापून ठेवते, त्यामुळे ही तक्रार प्रेमातली आहे असं समजा. मागच्या रविवारी बेलावर लेख होता. त्यात वाक्य होतं, 'पर्ण संयुक्त, त्रिपर्णी, पर्णिका अंडाकृती ते भालाकार, पर्णधारा दंतुर', म्हणजे पानाची कड दातेरी. मी मोठ्याने वाचलं तर आई म्हणाली, कुठलं झाड गं हे? आता हीच बाई चाळीस वर्षं श्रावणात बेल तोडतेय. बेलाचं म्हटल्यावर म्हणाली, मग त्रिदळ म्हण की सरळ!

आणि खरंच त्या एका शब्दात सगळं आलंय. आपण तीन पानं म्हणतो ते मुळात एकच पान, तीन दळांचं. मधल्या दळाला लांब देठ, बाजूच्या दोघांना जवळजवळ नाहीच. पान कुठलं आणि दळ कुठलं ते ओळखायची खूणही सोपी आहे, जिथे देठ फांदीला चिकटतो तिथे बगलेत डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, असतो, सुट्या दळाच्या बुडाशी नसतो. उसाचं बेणं लावणारा कुठलाही माणूस डोळा म्हणजे काय ते जाणतो, आणि पुस्तकात त्याचा झालाय मुकुल.

मला परिभाषेचा राग नाहीये, हे आधीच सांगते. स्वीडनच्या लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ मध्ये हे शब्द नीट बांधून दिले म्हणून जगभर लोक एकाच झाडाबद्दल बोलू शकतात. पण त्याचे शब्द तरी कुठून आले? लॅटिनमध्ये स्पायका म्हणजे धान्याचं कणीस, लान्सिया म्हणजे भाला, म्हणजे शेतातले आणि घरातलेच. आपण मात्र शेतातला शब्द शेतात ठेवला आणि संस्कृतातून नवीन पाडला, आणि तोही एक नाही. फुलाचे भाग चार, बाहेरचं हिरवं आवरण, पाकळ्या, नर भाग आणि मादी भाग. शाळेच्या पुस्तकात ते निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, तर विश्वकोशात तेच संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल, किंजमंडल. माझी मुलगी सातवीत आहे, तिने प्रोजेक्टसाठी दोन्हीकडून उतरवलं आणि फुलाला आठ भाग झाले 😀 बाईंनी बरोबरची खूण केली ते वेगळंच.

सगळ्यात गंमत कणसाची. आमच्याकडे जुन्नरच्या पश्चिमेला भात, पूर्वेला ज्वारी-गहू, त्यामुळे घरात तिन्ही शब्द चालतात. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, ज्वारीचं कणीस. आई यात कधी गल्लत करत नाही, आणि नुसती नावं वेगळी नाहीत तर वस्तूच वेगळी आहे. ओंबीत दाणे दांड्याला घट्ट बसलेले असतात, मध्ये देठ नाही. लोंबीला फाटे फुटतात आणि दाणा भरला की ती खाली लोंबते. पहिल्या प्रकाराला परिभाषेत कणिश म्हणतात, दुसऱ्याला परिमंजरी. आता ज्वारीचं कणीस आतून उकलून बघा, दाट असलं तरी त्याला फाटे आहेत, म्हणजे शास्त्राप्रमाणे ज्वारीचं कणीस हे कणिश नाहीच, ती परिमंजरी! आणि गव्हाची ओंबी म्हणजे कणिश. शेतकऱ्याच्या पोराने परीक्षेत काय लिहावं?

लोकांचे शब्द सगळीकडे पुरतील असंही नाही, तुरा उसालाही येतो आणि मक्यालाही, पण मक्याचा तुरा नुसता नर, मादी खाली कणसात बसलेली. तिथे परिभाषा लागतेच, ती द्यावी. पण पिंपळाचं पान हृदयाकृती कशाला, पत्त्यातल्या बदामासारखं म्हणा, पोरांना लगेच दिसतं. आणि वृक्काकृतीला काजूसारखं. किडनी कोणी बघितलीय!

तर विनंती एवढीच, की सदरात आधी लोकांचा शब्द द्या, मग परिभाषेतला, आणि तो दर वेळी एकाच कोशातला असू द्या, आज संवर्त, उद्या निदलपुंज असं नको. शेजारी रेघांचं छोटं चित्र टाकलंत तर अर्धा मजकूर वाचेल. आणि वाचकांना विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणतात, कोकणातून आणि विदर्भातून पत्रं आली की नुसता नारळ आणि कापूस यांचेच किती शब्द निघतील बघा.

आपली,
एक वाचक, जुन्नर

ता.क. त्याच पानावर बोगनवेलीच्या फोटोखाली 'गुलाबी पाकळ्या' छापलंय. त्या पाकळ्या नाहीत, रंगीत छदं आहेत, म्हणजे फुलाजवळची बदललेली पानं, फुलं म्हणजे मधल्या त्या तीन बारीक पांढुरक्या नळ्या. आता छदाला बोलीत काय म्हणायचं ते मला सुचत नाहीये, आईलाही नाही. केळफुलाची तांबडी सोपटं पण तीच जात, तेव्हा सोपट चालेल का, ते तुमच्या लेखकांना विचारून कळवा.