ओंकारला पत्र

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू काही न खाता सकाळी सहाच्या गाडीने गेलास. आईने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला, दुपारी तिनेच तो खाल्ला. ते उकरून काढायला हे पत्र नाही. लिखाणापायी नोकरी सोडायची म्हणतोस, त्याबद्दलही एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

गुरुवारी व्याख्यानमालेला तुझे ते कादंबरीवाले सर आले होते. बारावीत तू ज्यांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचास, ते. बार्शी स्टँडवर मीच आणायला गेलो होतो. व्याख्यान चांगलं झालं, पण खरं बोलणं झालं ते नंतर, वाचनालयात. कपाटांतून हिंडता हिंडता त्यांना त्यांचीच कादंबरी दिसली. त्यांनी मागचं पान उघडलं आणि तारखांच्या पट्टीवरचे शिक्के बोटाने मोजले. अकरा वर्षांत एकतीस. मला कसंसंच झालं, कमी वाटले. ते म्हणाले, "शेवटचा शिक्का मार्चचा आहे. कुणी नेलं होतं?" मी म्हटलं, पाण्याच्या टाकीजवळच्या नर्सबाईंनी. तर म्हणाले, "पूर्ण वाचलं का त्यांनी?" ते मला सांगता आलं नाही. अजून मनात राहिलंय, बाईंना विचारणार आहे. ती पट्टी तिरकी चिकटलेली आहे, ओंकार. सातवीच्या सुट्टीत टेबलाखाली बसून खळीने तू चिकटवलेली. हे मी त्यांना सांगितलं, आणि मग मला राहवलं नाही.

तुला न विचारता मी एक गोष्ट केली. माळ्यावरच्या निळ्या फाइलमधली तुझी ज्वारीची कथा त्यांना वाचायला दिली. रागावशील. रागव, पण पुढचं वाच.

रात्री ते आपल्याकडेच राहिले, तुझ्या खोलीत. सकाळी चहाला बसले तेव्हा कागद त्यांच्या हातात होते. पहिलं दीड पान पेन्सिलीने उभं कापलेलं. ते लाल आभाळ, ते आयुष्यावरचं बोलणं, सगळं. माझ्या पोटात कालवलं. मग त्यांनी दुसऱ्या पानाच्या मधोमध बोट ठेवलं. आई मापट्याने ज्वारी मोजते आणि पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणते, मग दोन, तीन, तिथे. "कथा इथे सुरू होते," म्हणाले. "हे याने पाहिलंय. वरचं सगळं वाचलेलं आहे." कागद सोबत पाठवतोय. पेन्सिल खोडू नकोस.

मी वहीत टिपून घेतलं ते तुला सांगतो. त्यांची ती कादंबरी पाच वेळा लिहिलेली आहे. तिसऱ्या खेपेला नायकाचा भाऊ पूर्ण काढून टाकला, साठ पानं गेली. प्रत्येक प्रकरण ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचे, ती भाजी निवडत असायची. निवडणारा हात थांबला तर ते पान राहायचं. पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा किंमत 60 रुपये होती, प्रती 1000, मानधन दहा टक्के. त्या प्रती संपायला नऊ वर्षं लागली. तूच हिशेब कर. नऊ वर्षांत सहा हजार.

आणि अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोस्टात नोकरी केली. पहाटे पाच ते सात लिहायचं, मग कचेरी. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता दिवसभर लिहू. दोन वर्षं एक कथा पुरी होईना. हे मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. रविवारी तू म्हणालास, नेमाड्यांची 'कोसला' पंचविशीत आली, माझ्याकडे एकच वर्ष उरलंय. अरे, नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, मग मास्तर झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हे त्यांचं कवितांचं पुस्तक 1962 साली आलं तेव्हा ते पस्तिशीच्या पुढे होते. कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. लिहायचं म्हणून कुणी उपाशीच राहायला हवं असं थोडंच आहे? घरभाडं पहिल्या तारखेला द्यावं लागतं, कथा पहिल्या तारखेला होत नाही. आणि कुणी प्रकाशक म्हणाला, तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या, तर मला विचारल्याशिवाय सही...

बघ, लिहायचं नाही म्हणून बसलो आणि तेच लिहिलं. माफ कर. तू चोवीस वर्षांचा आहेस, पगार तुझा आहे, मी कोण सांगणार. पण नानाचं तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. त्याची ट्रंक अजून पलंगाखाली आहे, मी किल्ली लावलेली नाही. तो बोलायचाही तुझ्यासारखाच, उभ्या उभ्या, दारात.

सरांनी जाताना विचारलं, "मुलगा दिवाळी अंकांना पाठवतो का?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही मला. जून संपायच्या आत पाठवायला सांगा म्हणाले, नंतर संपादकांकडे गठ्ठे साचतात. साभार परत आलं तर तेच पाकीट दुसऱ्याला पाठवायच्या आधी एकदा वाचायचं, एवढंच. स्टँडवर गाडी लागली होती, तरी पायरीवरून वळून म्हणाले, "त्या 'लाभ'साठी तरी त्याने ती पुरी करावी." कंडक्टर घंटा मारत होता. मला काही बोलता आलं नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती कथेत आहे हे तिला ठाऊक नाही. मी वाचून दाखवणार नाही, ते तू येऊन कर. पुढच्या आठवड्यात ती वर्षाची ज्वारी भरणार आहे.

तुझा,
बाबा

ता. क. राजीनामा दिला नसशील तर पाडव्यापर्यंत थांब. दिला असशील तरी फोन कर, मी आवाज चढवणार नाही. खात्यात चार हजार टाकलेत, भाड्याला असू देत.