आकाशगंगेच्या नकाशातली 'बोटे'

महोदय,

आकाशगंगेचे वरून दिसणारे सर्पिल चित्र पुरवण्यांत अनेकदा 'छायाचित्र' म्हणून छापले जाते. असा फोटो कोणीही काढलेला नाही. आपण आतच राहून, एकेका ताऱ्याचे अंतर मोजत तो नकाशा रचत आहोत. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या युरोपच्या 'गाया' यानाच्या २०२२च्या माहितीसंचात सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांचे पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते तो कोन) आणि निजगती (ताऱ्याचे आकाशात दरवर्षी होणारे स्वतःचे सरकणे) आहेत, आणि तो सर्वांना फुकट खुला आहे. धनू राशीतला आकाशगंगेचा गाभा रात्री वर असतो ते नेमके पावसाचे महिने. म्हणून या माहितीवरून घरबसल्या नकाशा रचण्याच्या कामाचे मोल मुंबईच्या मुलांना अधिक. मात्र अशा प्रकल्पांत एक चूक वारंवार दिसते.

विकलांमधल्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) पराशयाने १ला भागले की पार्सेकमध्ये (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) अंतर मिळते, एवढेच शिकवले जाते. जवळच्या ताऱ्यांना ते चालते. पण गाभ्याजवळच्या ताऱ्याचा पराशय जेमतेम ०.१२ सहस्रांश विकला असतो आणि मंद ताऱ्याच्या मोजमापातली त्रुटीही जवळपास तेवढीच. दिशा अचूक, अंतर ढोबळ. मग नकाशावर तारे सूर्याकडे रोखलेल्या लांबट बोटांसारखे पसरतात आणि मुले त्यांनाच आकाशगंगेच्या सर्पिल भुजा समजतात. शिवाय क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे) इतके दूर आहेत की त्यांचा पराशय शून्य यायला हवा. तो सरासरी उणे ०.०१७ सहस्रांश विकला येतो. ही दुरुस्ती केली नाही, तर गाभ्याजवळचा तारा सुमारे १५ टक्के लांब पडतो. ऋण पराशयाच्या ओळी पुसून टाकणेही चुकीचे. ती मोजमापातली अनिश्चितताच आहे.

सुरुवात कृत्तिका या तारकागुच्छापासून करावी. तिच्याभोवतीचे २ अंशांतले तारे उतरवून घ्यावेत. 'आरयूडब्ल्यूई' (मोजमाप एकट्या ताऱ्याच्या गतीशी किती जुळते ते सांगणारा माहितीसंचातला आकडा) १.४च्या वर असेल ते वगळावेत, ते बहुधा जोडतारे असतात. मग 'टॉपकॅट' या आलेख काढणाऱ्या संगणक-प्रणालीत निजगतीचे दोन घटक दोन अक्षांवर मांडावेत. मागचे दूरचे तारे शून्याच्या आसपास विखुरतात आणि कृत्तिकेचे सदस्य +२०, −४५ (वर्षाला सहस्रांश विकला) जवळ वेगळा घट्ट पुंजका करतात. तो पडद्यावर उमटताना पाहणे हा खरोखर आनंदाचा क्षण असतो. त्या पुंजक्याचा सरासरी पराशय ७.४ सहस्रांश विकलांच्या आसपास येतो, म्हणजे अंतर सुमारे १३५ पार्सेक. एकूण निजगती (जवळपास ५०) गुणिले ०.१३५ (हजार पार्सेकांतले अंतर) गुणिले ४.७४ (एकके बदलणारा गुणक) केले की आकाशाच्या प्रतलातला वेग सेकंदाला सुमारे ३२ किलोमीटर मिळतो. अंतर चुकले की वेगही त्याच प्रमाणात चुकतो.

पुढचा धोका गाळणीचा. २० टक्क्यांहून कमी त्रुटीचेच तारे ठेवले, तर दूरचे आणि धुळीआडचे तारे आपोआप गळतात आणि सारी आकाशगंगा सूर्याभोवती दाटल्यासारखी दिसते. प्रकल्प तपासणाऱ्या शिक्षकांनी किती तारे गाळले आणि कोणत्या कारणाने, हे नकाशाखालीच लिहून मागावे.

– खगोल अभ्यासवर्गाचे मार्गदर्शक, दादर