प्रोजेक्ट विकत घेऊ नका, आमच्या कांद्याच्या चाळीत या

महोदय,

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या एका गटाने प्रोजेक्ट दुकानातून तयार आणला, अहवालासकट. ऐकून फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मी कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, फोडली होती. वरचा थर खडखडीत. हात कोपरापर्यंत आत घातला तर गरम लागला, आणि खाली काळं पाणी ठिबकत होतं. सडीचा वास बाहेर येईतो शेजारचा मालही गेलेला असतो. कुठल्या कप्प्यात उष्णता आणि ओल वाढतेय, एवढं आठ दिवस आधी मोबाइलवर कळलं, तर तेवढा कप्पा निवडून विकता येईल. सेन्सर स्वस्त मिळतात. अवघड आहे ते धुळीत, लाइट नसताना, चार महिने टिकवणं. खरं संशोधन तिथंच आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो गावातल्या अडचणींवरच हात चालवत शिकण्यासाठी. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटाचा कोळसा केला, त्याला २००२ साली लंडनचा, शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

प्राध्यापकांना विनंती, फसलेल्या प्रयोगाच्या प्रामाणिक नोंदींनाही गुण द्या. पोरं मग धाडस करतील.

आमची चाळ चैत्र-वैशाखात भरते. मुलामुलींनी तेव्हाच यावं. एक कप्पा त्यांच्यासाठी मोकळा ठेवीन, राहण्या-जेवणाची सोय घरी होईल.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक